पोलिसांनी विनाकारण उचलून मारलं तर केस करता येते का? येते, पण आधी दिवस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. धाकटा भाऊ, वय २४, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटजवळ चहा पीत थांबला होता, तिथून साध्या कपड्यातल्या दोन पोलिसांनी त्याला गाडीवर मधी बसवून नेलं, मोटरसायकल चोरीचा संशय म्हणून. दोन रात्री ठाण्यात ठेवलं, पट्ट्यानं मारलं, तिसऱ्या दिवशी दुपारी चार कागदांवर सह्या घेतल्या आणि सोडलं. कोर्टात नेलंच नाही. नंतर चोर दुसराच निघाला. ह्याला आज ११ दिवस झाले. केस करता येते का, भरपाई मिळते का, आणि केली तर पोलीस मागं लागतील का, असं विचारलंय.

दादा, केस करता येते. मी कोल्हापुरात २३ वर्षं फौजदारी वकिली करतोय, पोलिसांच्या विरोधातली कामं हातात घेतलीत, काही जिंकली, काही हरलो. हरलो त्यातली बहुतेक कायद्यानं नाही हरलो, पहिल्या पंधरा दिवसात कागद झाला नाही म्हणून हरलो. त्यामुळं कलमं वगैरे नंतर सांगतो, आधी उद्या सकाळी काय करायचं ते वाचा.

भावाला घेऊन सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. ११ दिवस झाले म्हणून आता काय दिसणार असं म्हणू नका. मांडीवरचे, पाठीवरचे वळ आधी लालसर-काळेनिळे असतात, मग हिरवट होतात, मग पिवळट पडतात, आणि डॉक्टरला त्या रंगावरून मार साधारण किती दिवसांपूर्वीचा ते लिहिता येतं. तळपायाला मारलं असेल तर ते आवर्जून दाखवा, कारण पडून किंवा गाडीवरून घसरून तळपायाला वळ उठत नाहीत. आणि केसपेपर काढताना डॉक्टर विचारतात, कसं लागलं? इथं आपली माणसं चुकतात, भीतीपोटी "पडलो" म्हणून सांगतात आणि ते वाक्य केसपेपरवर कायमचं बसतं, पुढं उलटतपासणीत सरकारी वकील पहिला तोच कागद काढतो. भावानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, अमुक तारखेला ठाण्यात पोलिसांनी पट्ट्यानं मारलं, आणि लिहिलेलं वाचून बघायचं. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची केस (मेडिको-लीगल), अशी नोंद करा म्हणायचं. फोटो आजच काढा, उजेडात, चेहरा आणि वळ एका फोटोत येतील असे, आणि दोन दिवसांनी परत काढा. ज्या मोबाईलवर काढले तो विकू नका, फॉरमॅट करू नका, कारण हे फोटो कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत घालून ठेवा. माझ्याकडं एक बाई आल्या होत्या, पोरगा घरी आल्याआल्या त्यांनी त्याचा शर्ट भिजत घातला, रक्ताचे डाग लागले होते, आईच ती, तिला ते बघवलं नाही. शर्ट घेऊनच आल्या होत्या माझ्याकडं, स्वच्छ, इस्त्री केलेला. मला तो शर्ट अजून दिसतो डोळ्यापुढं. तुमच्या आईंनी असं काही केलं असेल तरी त्यांना बोलू नका, बाकीच्या पुराव्यानं काम चालतं.

आता खरा मुद्दा. हे सगळं भांडण वेळेचं आहे. मारलं की नाही ह्याच्यावर ते नाही म्हणतील, आपण हो म्हणू, त्याला अंत नाही. पण माणूस किती वाजता ठाण्यात आला आणि किती वाजता बाहेर पडला हे सिद्ध झालं की निम्मी केस तिथंच होते. संविधानाचं कलम २२ सांगतं, अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या कलम ५८ मधी आहे. पोलीस म्हणतील अटकच नव्हती, चौकशीला बोलावलं होतं. पण अटक ही फॉर्म भरल्यावर सुरू होत नाही, माणसाला उठून घरी जायची मोकळीक राहिली नाही तिथून ती सुरू होते. दोन रात्री कोण स्वखुशीनं ठाण्यात झोपतं?

म्हणून वेळेचा पुरावा गोळा करा. चहावाल्यानं बघितलं का? कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटल्याचं पंचिंग असणार, त्याची प्रिंट मागा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गैरहजेरी पण त्यात येईल. गेटच्या किंवा शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसात आपोआप पुसलं जातं, ते आजच मागा. आई डबा घेऊन ठाण्यात गेली होती का, किती वाजता, कुणी डबा घेतला, ती रिक्षानं गेली की शेजारच्याच्या गाडीवरून? तुम्ही ११२ ला फोन केला होता का, कुणा ओळखीच्या पोलिसाला मेसेज टाकला होता का? हे सगळं साधं वाटतं पण एका केसमधी आम्हाला नेमकं ह्यानंच तारलं, पोराच्या बहिणीनं रात्री पावणेबाराला मामाला व्हॉट्सअॅप केला होता की ह्याला पोलिसांनी नेलंय, आणि ठाण्याच्या कागदात अटकेची वेळ होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. एवढ्या एका मेसेजनं त्या कागदावरचा भरवसा उडाला.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र ठाण्यातच आहे. सुप्रीम कोर्टानं २०२० मधी परमवीर सिंग सैनी केसमधी सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात आत येण्या-जाण्याच्या जागा, लॉकअप, कॉरिडॉर, लॉबी, सगळीकडं सीसीटीव्ही पाहिजे आणि रेकॉर्डिंग १८ महिने जपायला पाहिजे, तेवढी सोय नसेल तर जास्तीत जास्त, पण एक वर्षाच्या खाली नाही. तेव्हा आजच दोन अर्ज करा. एक पीआय साहेबांना आणि एसपी ऑफिसला, की अमुक तारखेच्या रात्री इतक्यापासून अमुक तारखेच्या दुपारी इतक्यापर्यंतचं फुटेज आणि स्टेशन डायरीच्या नोंदी जपून ठेवा, ह्यावर कायदेशीर कारवाई होणार आहे. दुसरा माहिती अधिकाराचा. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तरी ते लेखी येऊ दे, ते पण आपल्या कामाचं. पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नका, शिक्का, आवक नंबर आणि तारीख. घेत नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि पावती फायलीला लावा.

सह्यांचं विचारलंय. पोलिसांपुढं दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, बीएनएसएस कलम १८१. आणि पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीच्या विरोधात चालत नाही. तरी पण पहिल्याच तक्रारीत लिहून ठेवा की कागद वाचायला दिले नाहीत, कोरे होते की लिहिलेले, किती होते, कुणी सही घेतली. नंतर लिहिलं तर वकिलानं सुचवलं म्हणतात.

आता कायद्यानं त्यांचं काय काय चुकलं. चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात लगेच उचलायचं नाही, अटक कशासाठी गरजेची आहे ते कारण कागदावर पाहिजे, नाहीतर हजर राहायची नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं अर्नेशकुमार केसमधी २०१४ ला सांगितलं आणि आता ती नोटीस बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची. अटक केली तर अटकेचा पंचनामा, त्यावर तारीख-वेळ, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, घरच्यांना कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, हे सगळं डी. के. बसू केसमधी १९९६ च्या डिसेंबरात ठरवून दिलं. अटकेची कारणं नुसती तोंडी नाही तर लेखी, माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, हे तर २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. तुमच्या भावाच्या बाबतीत ह्यातलं एकही झालेलं नाही. आणि पट्ट्यानं मारून कबुली काढायचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, बेकायदा डांबून ठेवणं १२७ खाली.

भरपाईचं मात्र नीट समजून घ्या, कारण ह्यावर लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. १९४७ सालची गोष्ट, मेरठला एका सराफी पेढीच्या भागीदाराला पोलिसांनी संशयावरून पकडलं, त्याच्याकडचं सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं, आणि तिथला हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. माणूस निर्दोष, सोनं गेलं. १९६४ मधी सुप्रीम कोर्टानं, कस्तुरीलाल केस म्हणतात तिला, सांगितलं की अटक-जप्ती हे सरकारचं सार्वभौम काम आहे, त्यात नुकसान झालं तर सरकार भरून देणार नाही. हा निकाल अजून सरकारी वकील दाखवतात. पण १९८३ ला रुदुल साह केस आली. निर्दोष सुटल्यावर सुद्धा बिहारच्या तुरुंगात १४ वर्षं राहिलेला माणूस, त्याला कोर्टानं रिटमधी, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट वरच्या कोर्टात केलेल्या अर्जात, ३५ हजार द्यायला लावले. आणि १९९३ मधी नीलाबती बेहेरा, ओरिसातली आई, पोलीस कोठडीत पोरगा गेला, तिच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं दीड लाख दिले आणि सांगितलं की मूलभूत हक्क मोडला असेल तर तिथं सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही. आज आपण उभे आहोत ते ह्या बाईच्या केसवर.

म्हणजे वाटा दोन-तीन आहेत. पहिली, हायकोर्टात कलम २२६ चा रिट अर्ज. पूर्वी ह्याच्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईला जावं लागायचं, पक्षकाराला वकिलाचा, गाडीचा, लॉजचा खर्च परवडायचा नाही आणि मी स्वतः कितीतरी लोकांना सांगितलंय की राहू द्या, झेपणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सुरू झालंय, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी, लोकांनी इतकी वर्षं रस्त्यावर बसून मिळवलं ते तुमच्यासारख्या माणसासाठीच. तुमच्या केसला मी ही वाट आधी धरीन, कारण २४ तासांच्या वर डांबल्याचं कागदानं दाखवता येण्यासारखं आहे. हायकोर्ट साक्षीपुरावा घेत बसत नाही, वाद फार असेल तर दिवाणी कोर्टात जा म्हणतं, म्हणून मी वर वेळेच्या पुराव्याचं एवढं लावून धरलं.

दुसरी, दिवाणी दावा, नुकसानभरपाईचा. ह्यात साक्षी होतात, डॉक्टर येतो, बुडालेला पगार, औषधाचा खर्च, बदनामी, सगळं मागता येतं. पण वर्षं जातात, आणि जेवढी रक्कम मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी.

तिसरी, फौजदारी. ठाण्यात तक्रार, घेतली नाही तर लेखी एसपींना, तिथं नाही झालं तर मॅजिस्ट्रेटपुढं शपथपत्रासह अर्ज. नव्या कायद्यात एक बदल आहे, सरकारी नोकराच्या विरोधात ड्युटीतल्या कामावरून तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं म्हणणं बघतात, कलम १७५(४). शिवाय खटल्याला सरकारची मंजुरी लागते की नाही हा वाद प्रत्येक केसमधी निघतो. आम्ही म्हणतो मारहाण हे ड्युटीचं काम नाही, पण ड्युटी करताना अधिकाराच्या बाहेर गेला तरी ड्युटीशी संबंध असेल तर मंजुरी पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं २०२० मधी म्हटलंय, तेव्हा ही लढाई धरून चाला. नव्या संहितेत १२० दिवसांत सरकारनं निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं, एवढा एक आधार आलाय.

आणि आता ते दिवस मोजायचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. पोलिसानं ड्युटीच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या गोष्टीबद्दल दावा (दिवाणी) किंवा खटला (फौजदारी) घटनेपासून सहा महिन्यांच्या आत झाला पाहिजे, नाहीतर कोर्ट तो ऐकत नाही. खटल्याला सरकारच्या मंजुरीनं दोन वर्षं मिळू शकतात, दाव्याला ती सवलत नाही. शिवाय दाव्याआधी त्या पोलिसाला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि सरकारला व अधिकाऱ्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची. साध्या मुदतीच्या कायद्यात बेकायदा कैदेच्या भरपाईला एक वर्ष आहे, लोक ते वाचतात आणि निवांत राहतात. माझ्याकडं आठव्या महिन्यात आलेली माणसं आहेत, चांगली केस, डॉक्टरचा कागद आहे, साक्षीदार आहे, आणि मला त्यांना सांगावं लागलंय की दाव्याचं दार बंद झालं. मारहाण ड्युटीच्या नावाखाली येतच नाही असा युक्तिवाद आहे, आम्ही करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नोटिसा पहिल्या दोन महिन्यांत गेल्या पाहिजेत.

मानवी हक्क आयोगाकडं एक वर्षाच्या आत जाता येतं, वकील नसला तरी चालतो, ते भरपाईची शिफारस करतात. पोलीस तक्रार प्राधिकरण पण आहे. दोन्ही ठिकाणी अर्ज द्या, पण तिथं तारखा पडतायत म्हणून नोटीस थांबवू नका.

रक्कम किती? भीमसिंग म्हणून जम्मू-काश्मीरचे आमदार होते, त्यांना अधिवेशनाला जाताना अडवून डांबलं, १९८५ मधी ५० हजार मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन ह्यांना १९९४ मधी खोट्या हेरगिरीच्या आरोपात अटक झाली, २०१८ मधी सुप्रीम कोर्टानं ५० लाख दिले, मधी २४ वर्षं गेली. सर्वसामान्य माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या बेकायदा कोठडीला लाखांच्या आकड्यात मिळतं, कोटीत नाही, आणि कोर्ट बऱ्याचदा सांगतं की सरकारनं आधी द्यावं, मग दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करावं. माझ्या लेखी ते दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं, कारण त्यानं ठाण्यात फरक पडतो. कुणी तुम्हाला १००० रुपयांचं कलम दाखवील, बीएनएसएस ३९९, ते ज्यानं पुरेशा कारणाशिवाय तुम्हाला पकडून द्यायला लावलं त्याच्याकडून घ्यायचं, पोलिसांकडून नाही. त्यात वेळ घालवू नका.

भीतीचं शेवटी. त्रास देतील का? काही वेळा देतात, खोटं बोलणार नाही. चॅप्टर केस लावतात, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड द्यायला लावणारी कारवाई करतात, चौकशीला बोलवत राहतात. म्हणून इथून पुढं तोंडी निरोपावर भावानं ठाण्यात जायचं नाही, लेखी नोटीस द्या म्हणायचं, आणि नोटीस आली तर वकिलाला घेऊन जायचं, चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क बीएनएसएसच्या कलम ३८ मधी आहे, पूर्ण वेळ बसता येत नाही पण भेटता येतं. तक्रार एसपी ऑफिसला नोंदली गेली की उलट बऱ्याचदा ठाण्यातले जपून वागतात, हा माझा अनुभव आहे. चांगले अधिकारी पण बघितलेत मी, एका पीआयनं स्वतःच्या डीबीच्या (गुन्हे शोध पथकाच्या) पोरांविरुद्ध डायरीतली नोंद खरी ठेवली, त्याच्यामुळं एक केस उभी राहिली.

आणि मधल्या माणसाकरवी निरोप येईल, मिटवून टाकू, पोराच्या नोकरीचं बघा, वीस-पंचवीस हजार घ्या. तो निरोप घेऊन कोण आलं, कधी आलं, ते वहीत लिहा आणि मला सांगा. सांगलीत २०१७ मधी कोठडीत एक तरुण गेला आणि पोलिसांनी प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा भाऊ चालत घरी आलाय. त्याच्या आधी त्याच खोलीत कुणी बसलं असेल आणि गप्प राहिलं असेल, म्हणून मला वाटतं त्यानं बोलावं. पण बोलायचं त्यानं ठरवायचं, तुम्ही-आम्ही त्याला ढकलायचं नाही. रात्री झोप लागत नसेल, दाराची कडी वाजली तरी दचकत असेल तर सीपीआरलाच मानसोपचाराच्या ओपीडीत पण दाखवा, उपचार महत्त्वाचे, आणि तो केसपेपर पण भरपाईत धरला जातो.

पैशाची अडचण असेल तर कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, बाईमाणूस असेल तर उत्पन्न बघतच नाहीत. जाताना सीपीआरचा केसपेपर, आधारकार्ड, कंपनीचं आयकार्ड, अर्जांच्या पोच आणि एक वही न्या. त्या वहीत भावानं आज रात्री बसून त्या दोन दिवसांत काय काय झालं ते तासागणिक स्वतःच्या अक्षरात लिहावं, कोण होतं, नेमप्लेटवर काय नाव होतं, खोलीचा रंग, खिडकी कुठं, जेवायला काय दिलं. आठवत नाही ते सोडून द्यावं, अंदाजानं भरू नये.